क्रोसिन, पॅरासिटामॉल आणि अकरा आकडे

आमच्या माहेरी औषधं रंगावरून आणि कामावरून ओळखली जातात. बीपीची पांढरी, साखरेची मोठी, पित्ताची कॅप्सूल, आणि 'ती रात्रीची'. गावातला मेडिकलवालाही त्याच भाषेत बोलतो. "अण्णांची रात्रीची संपली असंल" म्हणून काउंटरवर न मागताच स्ट्रिप ठेवतो. सांगलीत या पद्धतीवर चाळीस वर्षं काढता येतात, कुणाचं काही अडत नाही. अडतं ते देश बदलल्यावर, आणि त्यातही विम्याचा फॉर्म भरायची वेळ आली की.

मी गेली चौदा वर्षं न्यू जर्सीत राहते. इथे औषधाच्या कोडशी माझा कधी संबंध आला नव्हता, कारण दुकानदार आणि विमा कंपनी आपापसात बघून घेतात. आपण कार्ड द्यायचं आणि आपल्या वाट्याचे पैसे भरायचे. माझा संबंध आला तो २०२३ च्या दिवाळीत सांगलीला गेलो होतो तेव्हा. मुलगा अकरा वर्षांचा. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ताप भरला आणि उतरेचना. रक्त तपासलं, टायफॉइड निघाला. आठवडाभर दवाखान्यात. डॉक्टर चांगले, नर्स प्रेमळ, मुलगा ठणठणीत होऊन घरी आला. त्याबद्दल काही तक्रार नाही.

पण ज्यांनी आपल्याकडच्या खाजगी दवाखान्यात पेशंटजवळ रात्री काढल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. नर्स चिठ्ठी देते, नातेवाईक खालच्या मेडिकलमध्ये पळतो, औषधं आणतो, बिल खिशात कोंबतो. आठ दिवसांनी माझ्या पर्समध्ये अशी तेवीस बिलं होती. दवाखान्याचं बिल वेगळं. सगळं मिळून अडुसष्ट हजार रुपये झाले. आमच्या अमेरिकेतल्या विम्यात परदेशी असताना अचानक आलेलं आजारपण बसत होतं. म्हटलं, परत गेल्यावर कागद पाठवू.

पाठवले. पाच आठवड्यांनी पत्र आलं. निदानाचा कोड द्या, इंजेक्शनांचे कोड द्या, आणि प्रत्येक औषधाचा एनडीसी द्या.

एनडीसी म्हणजे नॅशनल ड्रग कोड. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाच्या प्रत्येक पॅकिंगला हा नंबर असतो. १९७२ च्या कायद्यापासून औषधांची अशी यादी ठेवली जाते. त्यात तीन तुकडे असतात. पहिला तुकडा कंपनी सांगतो, दुसरा औषध आणि त्याची ताकद, तिसरा पॅकिंग. म्हणजे तीच गोळी तीसच्या डबीत आणि शंभरच्या डबीत असेल तर शेवटचा तुकडा बदलतो. आणि तेच औषध दुसऱ्या कंपनीचं असेल तर सगळाच नंबर वेगळा.

यात एक गंमत आहे, ती इथे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी. डबीवर छापलेला नंबर दहा आकडी असतो आणि विम्याला लागतो अकरा आकडी! डबीवर तुकडे ४-४-२, ५-३-२ किंवा ५-४-१ असे कसेही असू शकतात. विम्याला मात्र ५-४-२ हवे असतात. म्हणून जो तुकडा तोकडा असेल त्याच्या सुरुवातीला एक शून्य लावायचं. समजा डबीवर १२३४-५६७८-९० असेल तर फॉर्मवर ०१२३४-५६७८-९० लिहायचं. मधला तुकडा तीन आकडी असेल तर शून्य मधल्याच्या आधी. मधल्या रेघा गाळून नुसते दहा आकडे लिहिले तर शून्य कुठे घालायचं ते कुणालाच कळत नाही, आणि फॉर्म परत येतो. माझ्या ओळखीत दोघांचे असे परत आलेत.

पण हे झालं इथल्या डबीचं. सांगलीत घेतलेल्या स्ट्रिपवर एनडीसी कुठून असणार? तिथे असतो बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, एमआरपी. तरी मी फोन लावला. पलीकडचा मुलगा उत्साही होता. म्हणाला, "मॅडम, तुमच्या बिलावर कोड आहेत की! मला दिसतायत." मी चकित. तो वाचायला लागला, "तीन शून्य शून्य चार..." तो एचएसएन कोड होता. जीएसटीच्या बिलावर मालाचा प्रकार दाखवायला असतो तो. ३००४ म्हणजे विक्रीसाठी तयार केलेली औषधं, एवढाच त्याचा अर्थ. तापाची गोळी असो की अँटिबायोटिक, बहुतेकांपुढे तोच नंबर. त्याच्या कॉम्प्युटरला अर्थातच तो सापडेना. शिवाय, "पण सगळ्या औषधांना एकच नंबर कसा?" हा त्याचा प्रश्नही रास्त होता. मी जीएसटी समजावायला गेले आणि दोन मिनिटांत नाद सोडला.

मग सांगलीला मेडिकलवाल्या काकांना फोन केला. "काका, औषधांचे काही कोड असतात का हो तुमच्याकडे?"

"ताई, आमच्याकडं कोड म्हंजे बॅच नंबर. माल परत गेला तर त्याच्यावर जातो. दुसरा कसला कोड?"

खरंच होतं त्यांचं. २०२३ च्या ऑगस्टपासून भारतात तीनशे नामांकित ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे, पण तो औषध असली आहे की नकली ते बघण्यासाठी. अमेरिकेतल्या विम्याच्या नंबराशी त्याचा काही संबंध नाही.

पण काकांनी एक काम केलं, ज्यामुळे पुढचं सगळं सोपं झालं. त्यांनी पेशंटच्या नावावर तेवीसच्या तेवीस बिलं पुन्हा छापली आणि प्रत्येक औषधासमोर आत काय आहे ते पेनाने लिहून दिलं. मोनोसेफ, म्हणजे सेफट्रायअ‍ॅक्झोन १ ग्रॅम. झिफी, म्हणजे सेफिक्झिम २००. एमेसेट, म्हणजे ऑन्डॅनसेट्रॉन. कॅल्पॉल, म्हणजे पॅरासिटामॉल.

तो कागद समोर घेऊन बसले तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की एका गोळीला तीन पातळ्यांवर नावं असतात. पहिलं कंपनीने ठेवलेलं. क्रोसिन, कॅल्पॉल, टायलेनॉल. हे विकण्यासाठी असतं आणि देशाची हद्द ओलांडली की त्याचा भरवसा नाही. कधीकधी तर ते धोक्याचंही ठरतं. फ्लोमॅक्स हे नाव अमेरिकेत प्रोस्टेटच्या औषधाचं आहे आणि इटलीत त्याच नावाने सूज कमी करणारं औषध मिळत होतं. डायलाकॉर हे अमेरिकेत एका औषधाचं, सर्बियात हृदयाच्या अगदी वेगळ्या औषधाचं. २००६ साली अमेरिकेच्या औषध खात्याने प्रवाशांना यावरून सावध केलं होतं.

तिसरी पातळी कोडची. तो हिशेबवाल्यांसाठी. प्रत्येक देशाचा आपापला.

आणि या दोन्हींच्या मध्ये असतं ते औषधातल्या घटकाचं नाव, ज्याला आपण जेनेरिक नाव म्हणतो. जगभर हे एकच असावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये ठराव केला आणि १९५३ मध्ये पहिली यादी काढली. या नावांना शेपट्या असतात, त्यावरून कूळ कळतं. शेवटी 'सार्टन' आलं तर बीपीचं, 'स्टॅटिन' आलं तर बहुधा कोलेस्टेरॉलचं, 'प्राझोल' आलं तर बहुतेक वेळा पित्ताचं. आडनावावरून गाव ओळखावं तसं. (आपल्या आडनावांसारखेच यालाही अपवाद आहेत, तेव्हा फार हुशारी करू नये.)

अमेरिकेने मात्र इथेही आपलं थोडं वेगळं ठेवलंच आहे. जग ज्याला पॅरासिटामॉल म्हणतं त्याला इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल होतं. रिफॅम्पिसिनचं रिफॅम्पिन, ग्लिबेनक्लॅमाइडचं ग्लायब्युराइड. तेवढी जोडी लिहिली की काम होतं.

मी एक तक्ता केला. तारीख, बिलावरचं नाव, घटकाचं नाव, अमेरिकेतलं नाव वेगळं असेल तर तेही, ताकद, किती नग, किती रुपये. डॉक्टरांकडून पत्र मागवलं. डिस्चार्ज कार्डावर त्यांनी 'एन्टेरिक फीवर' लिहिलं होतं. टायफॉइडचंच ते दुसरं नाव, पण पत्रात दोन्ही लिहायला सांगितली. निदानाचा कोड मात्र जगभरच्या एकाच यादीतून येतो, तेवढं बरं आहे. टायफॉइड म्हणजे ए०१.०, अमेरिकेच्या आवृत्तीत त्यापुढे आणखी एक शून्य.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा नशिबाने एक जुनीजाणती बाई भेटली. तिने सांगितलं, "परदेशात घेतलेल्या औषधाला एनडीसी नसतोच, तो रकाना रिकामा सोड. मला घटक, ताकद आणि नग दे, कोड आम्ही लावतो." म्हणजे पहिल्या पत्रात जे मागितलं होतं ते मुळात देता येण्यासारखंच नव्हतं! पण असो.

कोड त्यांनी लावले, आणि तिथे माझ्या अभ्यासाचा उपयोग झाला. दवाखान्यात दिलेल्या इंजेक्शनांना इथे एनडीसीखेरीज आणखी एक कोड असतो, 'जे' अक्षराने सुरू होणारा. सेफट्रायअ‍ॅक्झोनचा जे०६९६. हा कोड बाटलीमागे नसतो, दर २५० मिलिग्रॅममागे असतो. मुलाला एक ग्रॅमच्या चौदा बाटल्या लागल्या होत्या. म्हणजे चौदा गुणिले चार, छप्पन्न. कंपनीकडून हिशेबाचा कागद आला त्यात १४ लिहिलेले. पैसे अर्थातच चौथाई. एक ओळीचं पत्र लिहिलं, एका बाटलीत २५० चे चार भाग, म्हणून ५६. महिन्याभरात दुरुस्त होऊन आलं. एन्टेरोजर्मिनाचे पैसे मिळाले नाहीत, ते मी मागण्याच्या यादीत धरलेही नव्हते. बाकी आमच्या वाट्याची रक्कम वजा जाता मिळाले. एकूण चार महिने लागले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तो तक्ता करताना हात बसला होता, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात आई-अण्णा इकडे यायचे ठरले. त्यांचा प्रवासी विमा काढायचा होता. म्हटलं, आधी दोघांच्या औषधांचा असाच तक्ता करू.

"अण्णा, सगळ्या स्ट्रिपांचे फोटो पाठवा. मागची बाजू."

फोटो आले. तुम्ही आपल्याकडचं मेडिकल बघितलं असेल तर माहीत असेल, दहाची स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या देतात. त्यामुळे कुठे नुसती 'मिन' एवढीच अक्षरं, कुठे नुसती एक्स्पायरी. २०१८ पासून भारतात घटकाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचा नियम आहे, पण कात्रीला नियम कोण सांगणार? पूर्ण स्ट्रिपा मागवल्या. टेल्मा, म्हणजे टेल्मिसार्टन, बीपी. ग्लायकोमेट, म्हणजे मेटफॉर्मिन, साखर. ओमेझ, म्हणजे ओमेप्राझोल, पित्त. आणि एक कॅप्सूल, क्लोपिटॅब ए.

"ही कसली हो?"

"ती? ती पण पित्ताचीच."

आत होतं क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन. जागतिक आरोग्य संघटनेचीच आणखी एक यादी आहे, नॉर्वेतल्या ओस्लोमधून चालवली जाते. त्यात औषध शरीराच्या कुठल्या भागावर, कशासाठी, यावरून सात अक्षर-आकड्यांचा कोड असतो. तो विम्याच्या पैशासाठी नसतो, औषधांच्या वापराचा अभ्यास करण्यासाठी असतो, पण माझ्यासारखीला वाचायला तोच सोपा. क्लोपिडोग्रेलचा बी०१एसी०४. पित्ताच्या औषधांचे कोड 'ए' ने सुरू होतात. 'बी' म्हणजे रक्त. बी०१ म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती औषधं. अ‍ॅस्पिरिनला तर यात वेगवेगळे कोड आहेत. दुखण्यासाठी घेतली तर एक, गुठळीसाठी घेतली तर दुसरा. गोळी तीच, कशासाठी ते महत्त्वाचं.

मी आईला फोन केला. आई आधी गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, २०२२ साली त्यांना दोन दिवस अ‍ॅडमिट केलं होतं ना, तेव्हा स्टेंट बसवला. तू तिकडं एकटी, पोराची शाळा. कशाला सांगायचं म्हणाले." मला तेव्हा सांगितलं होतं, गुडघ्याची तपासणी आहे.

राग आला का? आला. पण कुणावर काढणार? आपण इकडून फोनवर "सगळं ठीक ना?" असं ज्या आवाजात विचारतो, त्याला "ठीक" याशिवाय दुसरं उत्तर देणं कुणाही आईबापाला अवघडच असतं.

दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली विम्याची. प्रवासी विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात. काही योजना अशा आजारातून अचानक उद्भवलेल्या त्रासाला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देतात, त्यांचा हप्ता जास्त. अण्णा म्हणाले, "लिहूच नकोस. कोण बघायला बसलंय?" मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला काही झालं तर पहिल्यांदा डॉक्टर बघेल. गुठळी होऊ न देणारी औषधं पोटात आहेत हे त्याला माहीत नसेल आणि त्याने कापाकापी केली तर?" फॉर्म भरताना मी सगळं लिहिलं. महागडी योजना घेतली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. ओमेझ अण्णा स्वतःच्या मनाने, दुसऱ्याच दुकानातून घेत होते. डॉक्टरांना माहीतच नव्हतं. आणि ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो, दोन्ही एकत्र टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००९ मध्येच दिला आहे. मी स्वतः काही सांगितलं नाही, तो आपला अधिकार नव्हे. तक्ता त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितला. त्यांनी पाहिल्या पाहिल्या ओमेझ काटलं आणि त्याजागी पॅन्टोप्राझोल लिहून दिलं. "हे कुणी करून दिलं?" असं विचारलं म्हणे. अण्णांनी अभिमानाने सांगितलं, "मुलीनं." ज्या मुलीला काही कळू द्यायचं नव्हतं तिनंच.

ते आले, तीन महिने राहिले, विम्याचा कागद उघडायची वेळ आली नाही. महागड्या हप्त्याचे पैसे वाया गेले असं यजमान अजून म्हणतात. जाऊ देत वाया.

तर सांगायचं एवढंच. परदेशात राहत असाल, किंवा आईवडील यायचे असतील, तर एक कागद करून ठेवा. प्रत्येक औषधाचं ब्रँडचं नाव, त्यातला घटक, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, आणि कशासाठी. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो त्यांना विचारून नव्हे, डॉक्टरांना विचारून भरा. बिलं पेशंटच्या पूर्ण नावाने घ्या, 'कॅश' या नावाने नको. स्ट्रिप कापून घ्यावी लागली तर पूर्ण स्ट्रिपचा फोटो आधी काढा. आणि भारतातली काही औषधं, उदाहरणार्थ साखरेची ग्लिक्लाझाइड किंवा व्हिल्डाग्लिप्टिन, अमेरिकेत मंजूरच नाहीत. त्यांचा एनडीसी शोधत रात्र घालवू नका, मिळणार नाही. पुरेशा गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आणा.

आमचा कागद आता फ्रिजवर आहे. सांगलीच्या फ्रिजवर त्याचीच दुसरी प्रत. गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला, टेल्मिसार्टनचा डोस वाढवलाय, चाळीसचा ऐंशी केलाय, तुझ्याकडच्या कागदावर बदलून घे. मी विचारलंही नव्हतं.